तापीतीरावरील शाही महाल

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली आगगाडी सावदा, निंभोरा, रावेर ही स्थानके एकामागून एक मागे टाकीत जाते. दोन्ही अंगांस केळीच्या बागा पसरलेल्या असतात. डाव्या हातास सातपुड्याची निळसर रांग गाडीबरोबर धावत असल्यासारखी वाटते, आणि उजवीकडे, नजरेच्या थोडी आड, तापी नदी वाहत असते. रावेर सोडल्यावर महाराष्ट्राची सीमा केव्हा संपली हे प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. तीच काळी माती, तीच केळ, तोच डोंगर. थोड्याच वेळात गाडी बुऱ्हाणपूरच्या स्थानकात उभी राहते. स्थानकाच्या परिसरास लालबाग म्हणतात. गाव येथून आणखी दोन-तीन किलोमीटरांवर आहे. परंतु उतरल्या पावलीच कानी पडणारे हे बागेचे नाव प्रवाशाला बरेच काही सांगून जाते.

आज बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे. एके काळी ते खानदेशाची राजधानी होते. खानदेशावर इ. स. १३८२ पासून १६०१ पर्यंत फारूकी घराण्याने राज्य केले. या घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा. त्याचे ठाणे धुळे जिल्ह्यातील थाळनेर येथे होते. शिरपूर तालुक्यातील या गावी तापीच्या काठी फारूकींच्या कबरी अजून उभ्या आहेत. मलिक राजाचा पुत्र नसीरखान याने तापीच्याच उत्तर तीरावर, पूर्वेकडे बरेच दूर, नवे नगर वसविले. खुलताबादचे सुफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्याने त्या नगरास दिले आणि समोरच्या तीरावरील वस्तीस त्यांचे शिष्य झैनुद्दीन यांच्या नावावरून झैनाबाद म्हटले. अशा रीतीने गुरू एका तीरावर आणि शिष्य दुसऱ्या तीरावर, मध्ये तापी, अशी या नगराची मांडणी झाली.

फारूकी राजे फार बलाढ्य नव्हते. गुजरात, माळवा आणि दक्षिणेतील सुलतान यांच्या कात्रीत ते नेहमीच सापडलेले असत. परंतु बांधकामाची त्यांची दृष्टी चांगली होती. राजा अलीखान याने बांधविलेल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे आणि त्यात शके १५११ अशी मिती दिली आहे. मशिदीत देवनागरी अक्षरे कोरलेली पाहून नवखा मनुष्य क्षणभर थबकतो. पुढे १६०० साली अकबर बादशहा स्वतः बुऱ्हाणपुरास आला. जवळचा अशीरगड त्याने दीर्घ वेढ्यानंतर जानेवारी १६०१ मध्ये घेतला आणि फारूकींचे राज्य संपले. खानदेश मोगलांचा सुभा झाला. अकबराचा पुत्र दानियाल याच्या नावावरून काही काळ त्यास ‘दानदेश’ असेही म्हणत. हे नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकले नाही.

मोगलांना दक्षिण जिंकावयाची होती आणि दक्षिणेचे दार बुऱ्हाणपूर. त्यामुळे शहाजादे, सुभेदार, सरदार, परदेशी वकील यांची येथे सतत वर्दळ राहिली. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली येथूनच पुढे गेला. एवढ्या मोठ्या माणसांना राहावयास योग्य स्थान हवे. ते स्थान म्हणजे तापीच्या काठावरील शाही किल्ला.

नावाने किल्ला असला तरी खरे पाहता हा महालच आहे. फारूकींनी तो आरंभिला आणि मोगलांनी वाढविला. नदीच्या उंच दरडीवर तो अशा खुबीने उभारला आहे की, गावाकडून पाहणाऱ्यास त्याची उंची कळतच नाही. कळते ती नदीच्या पात्रात उतरून वर पाहिल्यावर. दरड कोठे संपली आणि भिंत कोठे सुरू झाली हे सांगणे कठीण व्हावे, असा तो विटाचुन्याचा प्रचंड कडा दिसतो. एकावर एक मजले, त्यांत कमानींच्या ओळी, मधून मधून पुढे आलेले सज्जे. लोक या महालाला सात मजली म्हणतात; आज मात्र वरचे बरेच मजले ढासळले असल्यामुळे मोजणाऱ्याची मोजणी जुळत नाही. पात्रात जवळच हत्तीच्या आकाराचा एक खडक आहे. पावसाळ्यात तापीला पूर आला म्हणजे हा हत्ती पाण्यात बुडतो आणि पूर ओसरला की पुन्हा वर येतो.

नदीकडे तोंड करून महाल बांधण्यात केवळ शोभा नव्हती. खानदेशचा उन्हाळा कसा असतो हे जळगाव-धुळ्याच्या मुलांना सांगावयास नको. वैशाखात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. त्या दिवसांत पात्रावरून येणारा वारा जितका मिळेल तितका महालात घ्यावयाचा, ही बांधणाऱ्यांची पहिली चिंता होती. म्हणून भिंती जाड, खोल्यांची छते उंच व घुमटाकार आणि नदीच्या अंगास कमानींची मोकळी दालने. वरच्या गच्चीवर शहाजहान बादशहाच्या काळी दिवाण-इ-आम आणि दिवाण-इ-खास होते, म्हणजे सर्वांचा दरबार आणि निवडक मंडळींची बैठक. आज तेथे पडक्या भिंती आणि मोकळे आकाश आहे.

महालाचा जो भाग अजून डोळ्यांत भरतो, तो म्हणजे हमामखाना. हमाम म्हणजे स्नानगृह. हा शब्द ऐकून एखादी लहानशी न्हाणी डोळ्यांपुढे आणू नये. अनेक दालनांची ही एक स्वतंत्र इमारतच आहे. मधल्या दालनात अष्टकोनी हौद आहे. वर घुमट. भिंतींतून नेलेल्या नळांनी गरम पाणी एकीकडून आणि थंड पाणी दुसरीकडून येई. पण पाहणाऱ्याचे लक्ष हौदापेक्षा वर जाते. घुमटांच्या आणि कमानींच्या आतील बाजूस चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर रंगीत चित्रे काढली आहेत. वेली, फुले आणि एकमेकांत गुंतलेल्या चांदण्या. जवळजवळ चारशे वर्षांची वाफ, पाऊस आणि माणसांची बेपर्वाई सोसूनही काही ठिकाणी तांबडा आणि निळा रंग ओळखू येतो. खेदाची गोष्ट ही की, हवामानाने जेवढे पुसले त्याहून अधिक लोकांनी नखांनी आणि खिळ्यांनी स्वतःची नावे कोरून बिघडविले आहे. बादशहाच्या कारागिराचे नाव तेथे कोठेही नाही. पाहुण्यांची मात्र पुष्कळ आहेत.

आता एक प्रश्न सहज उद्भवतो. हौद, कारंजी, बागांचे पाट यांना इतके पाणी कोठून येई? तापी पायथ्याशीच वाहत होती हे खरे, परंतु ती खोल पात्रातून वाहते. तिचे पाणी उंच दरडीवर चढवावे लागे, पावसाळ्यात ते गढूळ होई आणि वेढा पडला तर शत्रूच्या हाती जाई. राजवाड्याबरोबर गावही तहानलेले होते. छावणीतील हजारो माणसे आणि जनावरे निराळीच.

त्या वेळी बुऱ्हाणपुरास अब्दुर्रहीम खानखानान हा सुभेदार होता. हिंदीतील दोह्यांमुळे प्रसिद्ध झालेला रहीम कवी तो हाच. त्याच्या कारकिर्दीत, १६१५ साली, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने गावाच्या उत्तरेची जमीन तपासली. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि भूमीच्या पोटातून हळूहळू तापीकडे सरकत असतो, हे त्याने ओळखले. हे पाणी नदीस मिळण्यापूर्वी वाटेतच गाठावयाचे, असा त्याचा विचार होता. त्यासाठी त्याने जमिनीखाली भुयारे खणविली. भुयारांना अगदी बेताचा उतार दिला. दगडांच्या फटींतून पाझरणारे पाणी भुयारात गोळा होई आणि आपल्या आपण गावाकडे वाहू लागे. मोट नको, रहाट नको, बैलही नकोत. इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात. (तंबूची कनात ती वेगळी.)

भुयारात हवा खेळावी आणि सफाईसाठी माणसाला उतरता यावे, म्हणून ठरावीक अंतरांवर विहिरीसारखी उभी विवरे ठेवली होती. त्यांना कुंड्या म्हणतात. अशा शंभराहून अधिक कुंड्यांची ओळ लालबागेच्या बाजूस शेतांतून गेलेली दिसते. यावरूनच या योजनेला कुंडी भंडारा असे नाव पडले. खुनी भंडारा असेही लोक म्हणतात. दुरून पाहणाऱ्यास एका रांगेत इतक्या विहिरी का खणल्या, असे वाटते. खरे तर त्या शंभर विहिरी नव्हेत, एकच वाहता झरा आहे. मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण भंडारा अशी आणखीही साठवणस्थाने होती. कुंडी भंडाऱ्याचे पाणी जाळी करंज नावाच्या ठिकाणी एकत्र येई आणि तेथून मातीच्या नळांनी गावात व महालात पोहोचे. दक्षिणेत मलिक अंबरानेही याच सुमारास खडकी येथे, म्हणजे पुढील काळातील औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर येथे, अशीच नहर खोदविली. मोगल आणि मलिक अंबर एकमेकांचे कट्टर वैरी. पण पाण्याच्या बाबतीत दोघांचीही बुद्धी एकाच दिशेने चालली.

पाणी आल्यावर बागा आल्या. मोगलांना बागांचे मोठे वेड. त्यांचा पूर्वज बाबर मध्य आशियातून आला, तेव्हा भारतातील उन्हाळा, धूळ आणि वाहत्या पाण्याचा अभाव यांविषयी त्याने पुष्कळ कुरकुर केली आणि आग्र्यास येताच बाग लावण्यास आरंभ केला. मोगली बागेची रचना ठरलेली असते. सभोवार भिंत; आत पाण्याच्या दोन पाटांनी एकमेकांस छेदून केलेले चार भाग; मध्यावर हौद किंवा बारादरी. बारादरी म्हणजे बारा दारांचा, चोहोंकडून मोकळा मंडप. चार भागांमुळे अशा बागेस चारबाग म्हणतात. त्यात फुलझाडांइतकाच मान फळझाडांना आणि सावलीला असे.

बुऱ्हाणपूरची सर्वांत प्रसिद्ध बाग महालात नव्हती. ती तापीच्या पलीकडे झैनाबादेत होती. महालाच्या सज्ज्यातून समोर तीच दिसे. तिचे नाव आहूखाना. फारसीत आहू म्हणजे हरीण. येथे मुळात शिकारीसाठी हरणे राखीत असत. पुढे तेथे हौद, पाट आणि बारादरी झाली, झाडे लागली. झैनाबादेच्या बागेतील फळांनी लगडलेल्या आम्रवृक्षांचा उल्लेख एका जुन्या फारसी ग्रंथात आहे. उन्हाळ्यात नावेतून नदी ओलांडून राजघराण्यातील स्त्रिया तेथे जात असतील, असे चित्र मनात उभे राहते.

याहूनही निराळी रचना बुऱ्हाणपुरापासून काही कोसांवर, बडी उतावळी नदीवर, आढळते. तिला गुलारा महाल म्हणतात. शहाजादा असताना शहाजहानने येथे नदीला बांध घातला आणि दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन लहान महाल बांधले. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळू लागले म्हणजे दोन्ही महालांच्या मधोमध रुंद धबधबा होतो. येथे निराळी बाग लावण्याची आवश्यकताच राहिली नाही; नदीलाच बागेतील पाट केले. धुळे जिल्ह्यातील पांझरेच्या काठच्या मुलांना बांध घालून पाणी अडविण्याची कल्पना मुळीच नवी नाही. तेथील शेतकरी शेकडो वर्षे नदीला बंधारा घालून, पाट काढून, फडांना पाळीपाळीने पाणी देत आले आहेत. बंधारा दोन्हीकडे सारखाच. एका ठिकाणी त्यावर ऊस आणि गहू पिकला, दुसऱ्या ठिकाणी बादशहाचे डोळे निवले.

१६३० च्या मार्च महिन्यात शहाजहान बादशहा म्हणून बुऱ्हाणपुरास आला. खानजहान लोदी नावाच्या सरदाराने बंड केले होते आणि दक्षिणेची मोहीम हाती घ्यावयाची होती. बरोबर बेगम मुमताज महल होती. त्याच वर्षी पाऊस पडला नाही. गुजरात, खानदेश आणि दख्खन या भागांत भयंकर दुष्काळ आला. देहूस तुकाराममहाराजांचा व्यापार बुडाला आणि त्यांची पहिली पत्नी गेली, ती याच दुष्काळात. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या हिवाळ्यात सुरतेहून आग्र्यास निघाला होता. नंदुरबारास त्याने रस्त्यावर पडलेली प्रेते पाहिली आणि तसे लिहून ठेवले. माळव्यातून धान्य लादून बुऱ्हाणपूरच्या छावणीकडे निघालेले वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे त्याला पुढे वाटेत भेटले. म्हणजे धान्य येत होते. ते कोणाकडे जात होते, हेही त्यावरून कळते.

बादशहाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, बुऱ्हाणपुरात अन्नछत्रे उघडली गेली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले गेले. असे वीस सोमवार, म्हणजे एकूण एक लाख रुपये. सोमवार का, तर त्याचे राज्यारोहण सोमवारी झाले होते. शेतसाराही मोठ्या प्रमाणात माफ झाला. हे सर्व खरे. परंतु त्याच दिवसांत मोहीमही चालू होती आणि फौजेला दाणावैरण लागतच होती. महालाच्या हौदात पाणी होते. तटापलीकडच्या मुलखात विहिरी कोरड्या होत्या.

अशा त्या काळात, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या अपत्याला जन्म देताना मुमताज महल बुऱ्हाणपुरास मरण पावली. ती तेव्हा अडतीस वर्षांची होती. तिला नदीपलीकडे झैनाबादेच्या बागेत पुरले. ज्या सज्ज्यातून बादशहा ती बाग पाहत असे, त्याच सज्ज्यातून आता त्याला कबर दिसू लागली. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शहाजादा शुजा आईचा देह घेऊन आग्र्यास निघाला आणि तेथे यमुनेच्या तीरावर ताजमहालाचे काम सुरू झाले.

ताजमहाल मुळात तापीच्या काठीच बांधावयाचा होता, पण येथील माती योग्य नव्हती आणि मकराण्याचा संगमरवर इतक्या लांब आणणे अवघड होते, अशी एक कथा बुऱ्हाणपुरात मोठ्या अभिमानाने सांगतात. हमामखान्यातील एका चित्रावरून ताजमहालाची कल्पना सुचली, असेही कोणी सांगतात. कथा म्हणून त्या गोड आहेत. मात्र त्या काळच्या कागदपत्रांचा आधार सापडल्याशिवाय विद्यार्थ्याने त्यांना इतिहास म्हणू नये. गावाला आपले मोठेपण सांगण्यासाठी अशा कथांची गरजही नाही. जे निश्चित घडले तेच पुरेसे आहे.

शहाजहान १६३२ साली परत गेला. त्यानंतरही गाव गजबजलेलेच राहिले. येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असे, असे ताव्हेर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहितो. पुरंदरच्या तहामुळे मराठी मुलांना परिचित असलेला मिर्झाराजा जयसिंग १६६७ साली येथेच वारला; त्याची छत्री नदीकाठी आहे. १६८१ च्या आरंभी संभाजीमहाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरच्या श्रीमंत पेठा लुटल्या. १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर गाव पेशव्यांकडे आले आणि पुढे शिंद्यांकडे गेले. १८१८ साली इंग्रजांनी खानदेश जिल्हा केला तेव्हा बुऱ्हाणपूर शिंद्यांचे असल्यामुळे त्यात आले नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजच्या जळगाव आणि धुळे यांचे पूर्वरूप. राजधानी मात्र सीमेपलीकडे राहिली ती राहिलीच. २००३ साली बुऱ्हाणपूर हा मध्य प्रदेशचा स्वतंत्र जिल्हा झाला.

आहूखान्यात आता ना हरणे आहेत, ना पाट. मोडकी बारादरी, कोरडा हौद आणि पावसाळ्यानंतर माजणारे गवत एवढेच तेथे आहे. महालाच्या दालनांत पारवे राहतात. कुंडी भंडाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या काही शाखा बुजल्या. पाण्यातील क्षार साचून भुयारे अरुंद होत चालली. भोवतालच्या जमिनीत नव्या विहिरी आणि कूपनलिका झाल्या. तरीही तो पुरता आटलेला नाही. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत भारताने या भंडाऱ्याचे नाव घातले. उन्हाळ्याच्या दिवशी एखाद्या कुंडीच्या कठड्यावर वाकून आत पाहिले, तर प्रथम फक्त अंधार दिसतो. मग गार हवा तोंडाला लागते आणि डोळे सरावेपर्यंत खालून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो.

स्वाध्याय

१. तापी पायथ्याशी असताना बुऱ्हाणपुरास भुयारातून पाणी का आणावे लागले?
२. कुंड्यांची रांग ‘शंभर विहिरी नव्हेत, एकच वाहता झरा’ असे का म्हटले आहे?
३. ‘धान्य येत होते, ते कोणाकडे जात होते, हेही त्यावरून कळते.’ या वाक्याचा संदर्भासह अर्थ स्पष्ट करा.
४. ‘आहूखाना’, ‘हमामखाना’ यांप्रमाणे शेवटी ‘खाना’ असलेले मराठीत रूढ झालेले पाच शब्द लिहा.
५. तुमच्या गावात जुनी विहीर, बारव, बंधारा किंवा हौद असल्यास तो पाहून या आणि त्यात पाणी कोठून येते हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.